नदीतल्या माशाला रोग झाला तर नोंद कोणी करायची?

भीमाकाठचा
गेल्या आठवड्यात पहाटे धक्क्यावर मरळ घ्यायला गेलो होतो. नऊ मरळींपैकी तिघींच्या अंगावर रुपयाएवढे लाल चट्टे होते, एकीचं तर आतलं मांस दिसत होतं. विकणारा म्हणाला, "थंडी पडली की येतंच हे." त्या तीन त्याने उचलल्या आणि परत पाण्यात भिरकावल्या. चट्ट्यांपेक्षा मला ते भिरकावणं जास्त खटकलं.

घरी येऊन वाचलं. वर्णन ईयूएस या, माशांच्या अंगावर व्रण पाडणाऱ्या साथीच्या रोगाशी जुळतं. अफॅनोमायसिस इनव्हेडन्स नावाचा बुरशीसारखा जीव कातडीतून आत शिरतो. १९८८ मध्ये तो ईशान्य भारतात आला आणि तीनेक वर्षांत केरळपर्यंत पोचला. जलचरांच्या रोगांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१३ पासून चालू आहे, २०२३ मध्ये रोग कळवायला मोबाइल ॲपही आलं. पण भर सगळा तळी, पिंजरे आणि कोळंबीवर. धरणाच्या फुगवट्यातल्या मरळीला वाली नाही. माझं म्हणणं, धरणाचा ठेका घेणाऱ्या प्रत्येक मच्छीमार संस्थेवर जखमी मासा कळवायची सक्ती करा.

पागवाला
दादा, तुम्ही मरळ घ्यायला आलात, आम्ही ती विकायला बसतो. फरक आहे. २०१८ ला गोव्यात मासळीला फॉर्मेलिन (मुडदे टिकवायचं रसायन) लावतात अशी बोंब झाली, सरकारने पंधरा दिवस बाहेरची मासळी बंद केली. तिथे निदान समुद्र होता. आमच्या धरणाचं नाव एकदा "रोगट मासे" म्हणून मोबाइलवर फिरलं की चिलापीसुद्धा कुणी हातात धरणार नाही. ठेक्याची रक्कम त्या वर्षी माफ होणार का? आधी ते लिहून द्या, मग सक्तीचं बोला.

गढूळपाणी
मला वेगळीच भीती आहे. पावसाळ्याच्या तोंडाला नदीत मासे मरतात ते सांडपाण्याने, हे शेंबडं पोरही सांगेल. आता "रोगाची नोंद" सुरू झाली की कारखान्यांना आयतं कारण मिळेल. पंचनाम्यात लिहितील, रोगाने मेले, विषय संपला. आधी नाले बंद करा, जंतू नंतर मोजा.

काचपट्टी
मी मत्स्यरोगांच्या प्रयोगशाळेत काम करते, तेव्हा गढूळपाणी यांना आधी उत्तर. पाण्यातला प्राणवायू संपला तर मासे एका रात्रीत, बहुतेक पहाटेच्या सुमारास मरतात. त्यात सगळ्या जाती असतात आणि मोठे मासे आधी जातात. ईयूएस रेंगाळत चालतो आणि जाती निवडतो. मरळ, वाम, खवली यांना धरतो, चिलापीला सहसा शिवत नाही. म्हणजे मरळींसोबत चिलापीही तरंगत असेल तर "रोगाने मेले" हे लिहिणाऱ्याला खोटं पाडता येतं. पण त्यासाठी एरवी काय मरतं, किती मरतं, याची वही हवी. ती नाही म्हणूनच कारखान्याचं फावतं.

भीमाकाठचे, तुम्हालाही एक टोचणी. लाल चट्टा म्हणजे ईयूएस असं नसतं. जाळ्याने खरचटून जिवाणू शिरले तरी असाच दिसतो. जखमेच्या कडेचा तुकडा कापून सूक्ष्मदर्शकाखाली बुरशीचे धागे आणि भोवतालच्या गाठी दिसल्या की मगच बोलायचं.

पागवाला
ताई, वही ठेवू एकवेळ. पण कळून करणार काय? तळ्यात चुना टाकता येतो. धरणात किती ट्रक चुना टाकणार?

काचपट्टी
धरणात इलाज नाही, खरं आहे. पण बोटुकलीची, म्हणजे सोडायला आणलेल्या बोटाएवढ्या पिल्लांची गाडी थांबवता येते. बीज दूरदूरच्या जिल्ह्यांतून, परराज्यातूनही येतं आणि तपासणी न होता पाण्यात पडतं. आपल्या पाण्यात रोग चालू असेल तर त्या थंडीत बीज सोडू नका, मृगळाची कोवळी पिल्लं हकनाक जातील. येणारं बीज रोगट असेल तर गाडी परत पाठवा. निगराणीचा उपयोग एवढाच, आणि तो थोडा नाही.

गढूळपाणी
आणि किती मासे तपासणार? दोन-चार मासे बघून "रोग नाही" म्हणाल.

काचपट्टी
रास्त प्रश्न. शंभरात दोन मासे आजारी असतील, तर त्यातला एक तरी हाती लागेल अशी ९५ टक्के खात्री मिळायला साधारण १५० मासे लागतात. शंभरात दहा असतील तर तीसेक पुरतात. शिवाय नदीत आजारी मासा आधी बगळ्याच्या पोटात जातो, आपल्या जाळ्यात येतो तो उरलेला. म्हणून आमच्या वर्षातल्या एका फेरीपेक्षा पागवाल्यांच्या रोजच्या नजरेवर माझा जास्त भरवसा आहे. पण सक्ती नको. सक्ती केली की चट्टेवाला मासा धक्क्यावर येणारच नाही.

भीमाकाठचा
सक्तीचा शब्द मागे घेतो. पण पागवाल्यांच्या भीतीपायी धरणाचं नाव गुप्त ठेवायचं हे मला पटत नाही. खाणाऱ्याला कळायला हवं.

पागवाला
खाणाऱ्याला हा रोग होतो का ते आधी सांगा.

काचपट्टी
ईयूएस माणसाला होत नाही. तरी उघडी जखम असलेला मासा विकू नये, त्यात इतर जिवाणू असतात. आणि पाण्यात परत तर मुळीच टाकू नये, जमिनीत पुरून टाकावा.

पागवाला
पुरायचा तर पुरू. पण बातमी द्यायचीच तर दोन्ही वाक्यं एकत्र द्या, "रोग आहे" आणि "माणसाला होत नाही". पहिलं छापून दुसरं गाळतात, असा अनुभव आहे.

भीमाकाठचा
मान्य. रविवारी परत जातोय. चट्टेवाली मिळाली तर फॉर्मेलिनमध्ये ठेवून पाठवू का?

काचपट्टी
जिवंत असेल तर पाण्याच्या डब्यातच आणा, ते सगळ्यात उत्तम. नाहीतर लगेच बर्फावर, फ्रीझरमध्ये नको. आणि फॉर्मेलिनची बाटली घेऊन मासळी बाजारात फिरू नका हो, पागवाल्यांनी वर काय लिहिलंय ते वाचलंत ना.

पागवाला
😄 डबा माझ्याकडे आहे. पाचला धक्क्यावर या.