दाखाऊ ‘करून’ आलो! छळछावणीची पाऊण तासाची सहल हवी कशाला?

खिडकीपाशी (धागाकर्ती)

गेल्या महिन्यात सासू-सासऱ्यांना घेऊन बारा दिवसांची युरोप टूर झाली. परत आल्यावर सोसायटीतल्या काकूंनी विचारलं, “म्युनिकला काय काय केलंत?” मी सहज बोलून गेले, “दाखाऊ केलं, गाड्यांचं म्युझियम केलं, संध्याकाळी बिअर हॉल.” म्हटलं आणि जीभ चावली. केरळ करतात, अष्टविनायक करतात, दाखाऊ कसं ‘करतात’?

माहीत नसलेल्यांसाठी: दाखाऊ हे म्युनिकला लागून असलेलं गाव. हिटलर सत्तेवर येऊन दोन महिनेही झाले नव्हते तेव्हा, २२ मार्च १९३३ ला, तिथल्या एका बंद पडलेल्या दारूगोळा कारखान्याच्या आवारात छळछावणी सुरू झाली. पुढच्या छावण्यांनी हाच नमुना गिरवला. बारा वर्षांत २ लाखांहून अधिक माणसं इथे आणि इथल्या उपछावण्यांत डांबली गेली, त्यातली किमान ४१,५०० मेली. २९ एप्रिल १९४५ ला अमेरिकन सैन्य पोचलं.

आणि आमचा कार्यक्रम असा: सव्वादहाला बस पोचली. टूर मॅनेजर माइकवर म्हणाला, “मंडळी, पाऊण तास. गेट, मैदान, फोटो, वॉशरूम. उशीर केलात तर गाड्यांचं म्युझियम कट.” दारावर लोखंडी अक्षरांत लिहिलंय, ‘श्रमाने मुक्ती मिळते’. त्या अक्षरांखाली आमच्यातल्या एका कुटुंबाने अंगठे वर करून फोटो काढला. माणसं वाईट नव्हती हो. बसमध्ये मला मळमळत होतं तेव्हा आल्याच्या वड्या त्यांनीच दिल्या होत्या. सासूबाई मैदानाच्या कडेला उभ्या राहून पलीकडच्या खडी भरलेल्या लांबलचक चौकोनांकडे बघत होत्या. “हे कसले गं ओटे?” मला सांगता येईना. तेवढ्यात मॅनेजरची छत्री वर झाली.

माझं मत: असल्या जागा पॅकेज टूरमधून सरळ काढून टाका. ज्याला जायचंय त्याने अख्खा दिवस काढून जावं, नाहीतर जाऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

खडूस नाना

शंभर टक्के सहमत. पोलंडमध्ये क्राकोला गेलो होतो तेव्हा हॉटेलच्या काउंटरवर पत्रक होतं: सकाळी आउश्वित्झ, दुपारी विएलिच्काची मिठाची खाण, एकाच तिकिटात, हॉटेलवरून पिकअप. ११ लाख माणसं जिथे मारली, त्यातले जवळपास १० लाख ज्यू, तिथून निघून दोन तासांत मिठात कोरलेली झुंबरं बघायची. २०१९ साली आउश्वित्झच्या संग्रहालयाला जाहीर विनंती करावी लागली होती की बाबांनो, रुळांवर तोल सावरत फोटो काढू नका. ही सहल नाही, हा धंदा आहे. मी गेलो नाही. घरी बसून पुस्तकं वाचली, जास्त कळलं.

इसारकाठी

नऊ वर्षं म्युनिकला राहतो. देशातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला दाखाऊला नेतो. त्यामुळे धाग्याला कडाडून विरोध.

ताई, ती जागा आज उभी आहे ती लोकांनी यावं म्हणूनच. युद्धानंतर तिथे आधी एसएसचे, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी दलाचे लोक कैदेत ठेवले, मग त्याच बराकींत निर्वासितांची बिऱ्हाडं आली आणि १९६० च्या दशकापर्यंत तिथे संसार चालले. १९५० च्या दशकात इथल्या राजकारण्यांनी शवदाहिनी पाडून टाका म्हणून जोर लावला होता. गावाची बदनामी होते ना! वाचलेले कैदी आडवे पडले, भांडले, तेव्हा कुठे १९६५ मध्ये स्मारक उघडलं. ज्यांनी भोगलं त्यांनीच दार उघडं ठेवायला लावलं. आता तुम्ही म्हणताय की तयारी नसलेल्याने येऊ नये.

सासूबाईंना सांगा, ते ओटे नाहीत, बराकींच्या जागा आहेत. ३४ बराकी होत्या. जुन्या सगळ्या पाडल्या, दोन नव्याने बांधून दाखवल्यात, बाकीच्यांच्या नुसत्या कडा आखून ठेवल्यात. मधून पॉपलरच्या झाडांचा रस्ता जातो.

आणि एक गंमत, म्हणजे गंमत नव्हेच: तुमच्या ग्रुपने ज्या दारापाशी फोटो काढला ते दार नक्कल आहे. अस्सल दार २०१४ मध्ये चोरीला गेलं, दोन वर्षांनी नॉर्वेत बर्गनजवळ सापडलं. आता ते आत म्युझियममध्ये काचेमागे आहे. पाऊण तासात तिथवर पोचला नसाल.

खिडकीपाशी

नाही पोचलो. पण मी तेच म्हणतेय ना! अर्धवट बघण्यापेक्षा न बघितलेलं बरं.

फळा आणि खडू

मी नववी-दहावीला इतिहास शिकवते, त्यामुळे जरा वेगळ्या बाजूने. आपल्याकडे कडक सरांना पोरं काय म्हणतात? ‘हिटलर’. प्रेमाने. स्टेशनवरच्या पुस्तकांच्या ठेल्यावर त्याचं आत्मचरित्र मराठीत मिळतं, व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी. दरवर्षी वर्गात एक तरी मुलगा उठून म्हणतो, “मॅडम, पण त्याने देश शिस्तीत आणला की नाही?” त्या मुलाचे वडील घरी तेच म्हणत असतात.

अशा घरातला माणूस गाड्यांच्या म्युझियमच्या वाटेवर पाऊण तास का होईना दाखाऊला उतरत असेल, तर मी त्या टूर कंपनीला हात जोडेन. तो माणूस तुमच्यासारखा पुस्तकं वाचून मग जाणारा नाही, नाना. तो कधीच गेला नसता.

खडूस नाना

बाई, तो उतरला आणि अंगठा वर करून आला. काय फरक पडला? उलट त्याला आता ‘मी प्रत्यक्ष जाऊन आलोय’ हा अधिकार मिळाला.

फळा आणि खडू

फोटो त्याच्या मुलीने बघितला असेल. ती विचारेल, बाबा हे कुठलं गेट? मला तेवढं पुरतं.

बॅगा भरलेल्या

आमच्या ऑक्टोबरच्या ट्रिपमध्ये आहे हे. मुलगा नऊ वर्षांचा. न्यावं का? त्याला दुसऱ्या महायुद्धाच्या रणगाड्यांचं वेड आहे.

इसारकाठी

नको. स्मारकवालेच बारा-तेरा वर्षांखालच्या मुलांना आणू नका म्हणतात. दोघांपैकी एकाने मुलाला घेऊन शहरात थांबा. रणगाडे इथे नाहीतच, निराश होईल.

अमोल_७७

मी २०१६ ला जाऊन आलोय. गाइड वगैरे काही घेतला नाही, गरजच नाही. आतमध्ये ती गॅसची खोली बघितली जिथे हजारो लोकांना मारलं, अंगावर काटा आला. अनुभव महत्त्वाचा, माहिती काय गुगलवर आहेच.

इसारकाठी

अमोलराव, राग मानू नका, पण गाइड का लागतो त्याचं उदाहरण तुम्हीच दिलंत. दाखाऊला गॅसची खोली बांधली हे खरं, ‘न्हाणीघर’ अशी पाटीही आहे. पण तिथे सामूहिक हत्याकांड झालं नाही. दाखाऊचे आजारी, काम न होणारे २,५०० हून अधिक कैदी १९४२ पासून ऑस्ट्रियात लिन्ट्सजवळच्या हार्टहाइमच्या गढीत पाठवून तिथे गॅसने मारले. इथे माणसं मेली ती भुकेने, मारहाणीने, गोळ्या घालून, डॉक्टरांच्या प्रयोगांत आणि शेवटच्या हिवाळ्यात टायफसने. चार हजारांवर सोव्हिएत युद्धकैदी जवळच्या हेबर्ट्सहाउझेनच्या गोळीबार मैदानावर संपवले. तिथे तर कुणाचीच बस थांबत नाही.

हा फरक कीस पाडण्यासाठी सांगत नाही. ‘काही झालंच नाही’ म्हणणारे लोक अशाच चुका पकडून सगळंच खोटं ठरवतात.

आणि आत बोलून माहिती द्यायची तर स्मारकाची मान्यता लागते. तुमच्या टूर मॅनेजरने गेटपाशी उरकलं यात त्याचा आळस किती आणि नाइलाज किती, हेही बघा. स्मारकाचे स्वतःचे गाइड आहेत, अडीच तासांची इंग्रजी फेरी, शुल्क किरकोळ. प्रवेश फुकट.

खिडकीपाशी

हे मान्यतेचं माहीत नव्हतं. आम्हाला कुणी सांगितलं नाही. पैसे मात्र ‘गाइडेड व्हिजिट’ म्हणून घेतले.

सुरसागरच्या काठी

मी बडोद्याची. इतकं बोललात सगळे आणि नूरचं नाव कुणीच काढलं नाही म्हणून लिहिते.

बडोद्याला सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८८६ मध्ये गायनशाळा निघाली, ती मौलाबक्षांची. आमच्या आत्याचे सासरे तिथे दिलरुबा शिकले. मौलाबक्षांचे नातू हजरत इनायत खान, जन्म बडोद्याचाच, १८८२ चा. ते वीणा घेऊन पश्चिमेकडे गेले आणि सूफी गुरू झाले. त्यांची थोरली मुलगी नूर. पॅरिसजवळ वाढलेली, मुलांसाठी जातककथा लिहिणारी, वीणा वाजवणारी. जर्मनांनी फ्रान्स घेतल्यावर कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १९४३ च्या जूनमध्ये ती ब्रिटिशांची गुप्त वायरलेस ऑपरेटर म्हणून परत फ्रान्समध्ये उतरली. सोबतचे लोक पकडले गेले तरी एकटी संदेश पाठवत राहिली. ऑक्टोबरमध्ये दगाफटक्याने सापडली. फोर्त्सहाइमच्या तुरुंगात दहा महिने साखळदंडात होती. १३ सप्टेंबर १९४४ ला आणखी तिघींबरोबर दाखाऊला तिला गोळी घातली. वय ३०.

शवदाहिनीच्या इमारतीत त्या चौघींच्या नावाची पाटी आहे. मी २०१८ ला तिथे उभी होते. शेजारून एक भारतीय ग्रुप गेला, कुणीतरी म्हणालं, “चला चला, इथे काही नाहीये.”

खिडकीपाशी

आम्ही शवदाहिनीपर्यंत गेलोच नाही. ते झाडांपलीकडे आहे ना, पुलावरून? मॅनेजर म्हणाला तिकडे लांब आहे, ज्येष्ठ मंडळींना झेपणार नाही.

मला आता फार विचित्र वाटतंय. सासूबाई बडोद्याच्या. माहेर दांडिया बाजारात.

खडूस नाना

म्हणजे आता ‘आपली’ कुणीतरी तिथे मेली म्हणून जायचं? ४१,५०० माणसं पुरेशी नव्हती का? त्यात पोलिश धर्मगुरू होते, कम्युनिस्ट होते, १९३८ च्या नोव्हेंबरात एका फटक्यात उचलून आणलेले हजारो ज्यू होते. त्यांच्यासाठी काही वाटायला बडोद्याचा पत्ता लागतो?

सुरसागरच्या काठी

नाना, तुमचं बरोबर आहे आणि तरी मला त्याचा रागही येतोय. ४१,५०० हा आकडा मी वाचते तेव्हा माझ्या मनात काही उभं राहत नाही. मी कमी पडते असं म्हणा. वीणा वाजवणारी एक बाई उभी राहते, मग तिच्या बाजूच्या तिघी, मग बाकीचे. मला एका नावावाचून आत शिरताच आलं नाही.

फळा आणि खडू

+१. वर्गातही असंच होतं.

अर्धा चहा

आपण मराठी माणसं पोर्ट ब्लेअरला सेल्युलर जेलमध्ये जातोच की. सावरकरांच्या कोठडीत लोक ढसाढसा रडतात, बाहेर येऊन नारळपाणी पितात, दुसऱ्या दिवशी हॅवलॉकला स्नॉर्केलिंग. त्याला कुणी धंदा म्हणत नाही. मग जर्मनीतच सोवळं कशाला?

खडूस नाना

मी म्हणतो. तिथला लाइट अँड साउंड शोही मला नकोसा झाला होता. आणि २०२१ नंतरचं जालियनवाला बघितलंत का? ज्या अरुंद बोळातून डायरचे शिपाई आत घुसले, त्याच्या भिंतींवर हसऱ्या माणसांची शिल्पं लावलीत. लोक त्यांच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात.

इसारकाठी

हे मात्र नानांना मानलं. दाखाऊच्या मैदानात काहीच नाही. खडी, आकाश आणि एक शिल्प. संगीत नाही, दिवे नाहीत. पहिल्यांदा गेलो तेव्हा ‘एवढंच?’ असं वाटलं होतं. चौथ्या खेपेला जानेवारीत गेलो, उणे आठ. जाड जाकीट घालून दहा मिनिटं उभं राहवेना. हजेरीला त्यांना पातळ पट्ट्यापट्ट्यांच्या कपड्यांत तासन्‌तास उभं करत. एक माणूस कमी भरला की रात्रभर. पुस्तकात हे मी वाचलेलं होतं. पाय दुखल्यावर कळलं.

खडूस नाना

हं.

पण पॅकेजमध्ये नकोच. यावर मी ठाम.

खिडकीपाशी

पाऊण तासाचं पॅकेज नको, यावर मीही ठामच आहे. फक्त ‘नाहीतर जाऊ नये’ हे वाक्य मागे घेते. कंपनीला पत्र लिहिलंय की एकतर तीन तास आणि तिथला गाइड द्या, नाहीतर ‘गाइडेड’ शब्द काढा. उत्तर आलं: “आपल्या मौल्यवान अभिप्रायाबद्दल धन्यवाद.”

काल रात्री सासूबाईंना नूरचं सगळं वाचून दाखवलं. गायनशाळा म्हटल्यावर म्हणाल्या, “अगं, आमच्या घरून चालत जायचो तिथे.” मग बराच वेळ गप्प. मग म्हणाल्या, परत जाऊ या का? वय ७१, एक गुडघा बदललेला. इसारकाठी, जमेल का? पुढच्या मेमध्ये, फक्त म्युनिक.

इसारकाठी

जमेल. मुख्य स्टेशनवरून एस-टू लोकल, दाखाऊला उतरून ७२६ नंबरची बस थेट दारात. नऊला उघडतं, तेव्हाच पोचा, अकरानंतर शाळांच्या मुलांची गर्दी होते. सगळीकडे खडी आहे, चांगले बूट आणि काठी असू द्या, बसत बसत जाऊ. मी येतो सोबत. शवदाहिनीकडे आधी जाऊ, पाय ताजे असताना.

खिडकीपाशी

आणि दुपारी काय ठेवू?

इसारकाठी

दुपारी काही ठेवू नका.