आयतं घबाड नव्हतं ते

सुरुवातीला बिटकॉइन घेणाऱ्यांना आयतं घबाड मिळालं, हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. २००९ मध्ये आपल्या संगणकावर मायनिंग करून, म्हणजे व्यवहारांचा एकेक गट (ब्लॉक) नोंदवून, दर ब्लॉकमागे ५० नाणी मिळत, हे खरं. पण त्या नाण्यांना विचारत कोण होतं? अगदी सुरुवातीच्या वापरकर्त्यांपैकी एक, प्रोग्रामर हॅल फिनी यांना बिटकॉइनचा निर्माता सातोशी याच्याकडून पहिल्या व्यवहारात १० नाणी आली. संगणक तापतो, पंख्याचा आवाज सहन होत नाही म्हणून त्यांनी थोड्याच दिवसांत मायनिंग बंद केलं! मे २०१० मध्ये फ्लोरिडात एकानं दोन पिझ्झांसाठी १०,००० नाणी मोजली, तेव्हा त्यांचे जेमतेम चाळीसेक डॉलर होत होते. थोड्या हातांत फार नाणी एकवटली, ही तुमची काळजी मात्र रास्त आहे. तिथे मी तुमच्याच बाजूचा.