मदत हवी आहे: चागास रोगाची रक्ततपासणी पुण्यात कुठे होते?

माझे मोठे दीर, वय ६१. १९९६ ते २००३ बोलिव्हियात रस्त्याच्या कामावर होते. राहायला मातीच्या भिंती, वर गवती छप्पर. रात्री छपरातून किडे मच्छरदाणीवर टपटप पडायचे, ढेकणासारखेच पण चांगले बोटाच्या पेरापेक्षा मोठे. तिथले लोक त्यांना विंचुका म्हणत. भाऊजी हे सगळं गंमत म्हणून सांगायचे.

दोन महिन्यांपूर्वी पर्वती चढताना निम्म्यावरच मटकन बसले. डोळ्यांपुढे अंधारी, नाडी ४२. छातीत दुखलं वगैरे काही नाही. ईसीजीत राइट बंडल ब्रांच ब्लॉक, जोडीला लेफ्ट अँटेरिअर हेमिब्लॉक, म्हणजे हृदयातल्या विजेच्या दोन वाटा अडलेल्या. अँजिओग्राफी स्वच्छ. इकोत डाव्या कप्प्याच्या अगदी टोकाला फुगा आलाय. डॉक्टर म्हणाले, जुना अटॅक येऊन गेला असेल, कळला नसेल. नळ्या स्वच्छ असताना? मला काही पटेना.

म्हणून वाचत बसले, तर चागास सापडला: या विंचुकांमुळे पसरणारा, परजीवीचा आजार. विंचुका चावल्यावर तिथेच घाण करते, आपण खाजवलं की त्यातला परजीवी जखमेतून आत जातो. पुढे दहा-वीस वर्षं काहीच नाही, आणि मग शंभरातल्या २०-३० जणांचं हृदय धरतं. हा जोडब्लॉक आणि टोकाचा फुगा, दोन्ही त्यात ठळक लिहिलेत! डॉक्टरांना सांगितलं तर "हा आजार आपल्याकडे नसतो" म्हणाले. अहो, आजार इथला नसेल, पण माणूस सात वर्षं तिथे होता ना.

अँटीबॉडीची तपासणी दोन वेगळ्या पद्धतींनी करून दोन्ही जुळाव्या लागतात, हे कळलंय. ती पुण्यात कुठे होते, की नमुना बाहेर पाठवावा लागतो? होल्टर (दिवसभर अंगावर लावून ठेवायचा ईसीजी) आणि हृदयाचा एमआरआय आधी करून घेऊ का? त्या फुग्यात गुठळी धरून पॅरालिसिस होऊ शकतो म्हणतात, त्याचीच जास्त धास्ती आहे. पेसमेकरचंही पुढच्या आठवड्यात ठरवायचंय.

ता. क. यावरच्या औषधाबद्दल आणि भारतात सापडलेल्या केसबद्दल काहींनी विचारलंत, म्हणून लिहिते. औषध: बेन्झनिडाझोल. पण २०१५ च्या मोठ्या चाचणीत, हृदय आधीच बिघडलेल्यांना त्याचा हृदयापुरता फायदा दिसला नाही. आणि चंद्रपूरच्या शेतकऱ्याची २००४ ची केस जनावरांतल्या ट्रिपॅनोसोमाची, म्हणजे चागासच्या परजीवीच्या भाऊबंदाची होती. तो वेगळा, हा वेगळा.