मोकळा पाइप चासी + मारुती ८००चं इंजिन : आधी काय वेल्ड करायचं?

चिखलगाडा
बग्गीचा (माळावर फिरवायच्या उघड्या गाडीचा) पाइप चासी तयार मिळालाय. नुसता सांगाडा, रंगही नाही. इंजिन मारुती ८००चं, ७९६ सीसी, कार्ब्युरेटरवालं, चार गिअरचं. ते मूळ गाडीच्या पुढच्या सस्पेन्शनसकट सीटमागे टाकून मागची चाकं फिरवायचीत. पुढच्या चाकांसाठी दुसऱ्या ८००चे नकल (हब धरणारे ओतीव तुकडे) आणि हब (चाक बसतं तो मधला भाग) भंगारातून आणलेत. गाडी शेतात आणि माळावरच फिरणार, रस्त्यावर नाही. इंजिनचे माउंट आधी करू की सस्पेन्शनचे? इंजिन-गिअरबॉक्स १८० अंशांत वळवला तर जागा बरी मिळते. चालेल का?

उद्यमनगरी
वळवू नका. सगळा जोड होता त्याच तोंडाने मागे सरकवायचा. वळवलात तर चाकं उलटी फिरणार, म्हणजे एक गिअर पुढे आणि चार मागे.

आधी सांगाडा तपासा. सपाट फरशीवर ठेवून खालच्या चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. ३-४ मिमीपेक्षा जास्त फरक आला तर पुढे चाकं एका रेषेत येणार नाहीत. मग डोक्यावरच्या कमानीला न दिसणाऱ्या जागी ३ मिमीचं भोक पाडा आणि वाकडी तार घालून पाइपची जाडी बघा. इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांच्या बाजा या बग्गी स्पर्धेत मुख्य पाइपला २५ मिमी व्यास, ३ मिमी जाडी आणि किमान ०.१८ टक्के कार्बन असा मूळ नियम आहे, आणि त्या गाड्या हलक्या, छोट्या इंजिनच्या असतात. तुमची त्याहून जड होणार, म्हणजे ३ मिमीच्या खाली जाऊच नका. पाण्याची जीआय (जस्त चढवलेली) पाइप निघाली तर सांगाडा परत करा. जस्ताने सांध्यात भोकं पडतात आणि धूर छातीत जातो तो वेगळा.

आता क्रम. सांगाडा गाडीच्या चालत्या उंचीवर लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचा. मागची चाकं जागेवर, मग इंजिन, मग सीट, मग सीटवर हेल्मेट घातलेला माणूस. हेल्मेट आणि पाइप यांत १५० मिमी मोकळं हवंच. तोवर सगळं टॅकवर, म्हणजे वेल्डच्या तात्पुरत्या टाक्यांवर. प्रत्येक पट्टीला दोन-तीन टाके पुरेत, ग्राइंडरने मिनिटात सुटतात. फुल वेल्ड सगळं उतरवून, एक सांधा डावीकडे तर पुढचा उजवीकडे, नाहीतर पाइप ओढते. इंजिन जागेवर असताना टाके मारायची वेळ आली तर अर्थचा चिमटा टाक्याजवळच लावा, करंट बेअरिंगमधून जाऊ देऊ नका.

नटबोल्ट
वरच्याशी सहमत. पण मागची चाकं 'जागेवर' म्हणजे कुठे, इथेच बहुतेकांचं फसतं. स्प्रिंग काढून नुसता स्ट्रट (शॉकअप असलेला उभा खांब) बसवा आणि चाक जॅकने पूर्ण वर, पूर्ण खाली न्या. खाली असताना ड्राइव्ह शाफ्टचा (गिअरबॉक्सपासून चाकापर्यंतच्या दांड्याचा) आतला सरकता जॉइंट बाहेर निसटता कामा नये, आणि कुठल्याही उंचीला आत टेकता कामा नये. टेकला की पहिल्याच उडीत गिअरबॉक्सचं कव्हर फुटतं.

८००चा लोअर आर्म (नकलला खालून चासीशी जोडणारा हात) एकाच रबरी बुशवर असतो, पुढे-मागे त्याला स्टॅबिलायझर बार धरतो. बार टाकून दिलात तर चाक मागे दुमडेल. आर्मला दुसरा पाइप जोडून त्रिकोण करा, नाहीतर बारचे क्लॅम्पही चासीवर घ्या.

मागच्या नकलचे स्टिअरिंगचे हात मोकळे राहतात, तिथे टाय रॉड (चाकाची दिशा धरणारा दांडा) लावून आतलं टोक चासीला बांधायचं. रॉड आर्मला समांतर आणि जवळपास तेवढ्याच लांबीचा. मग डिस्कला सरळ पट्टी बांधा आणि चाक दर २५ मिमी उचलून टो (चाक किती आत-बाहेर वळलंय ते) मोजा. बदलत असेल तर आतलं टोक वर-खाली सरकवा. टॅक ठेवायला सांगितलंय ते यासाठीच. बोल्ट ८.८ ग्रेडचा आणि दोन पट्ट्यांच्या मधे. एका पट्टीला लोंबकळता बोल्ट नको.

माळरान
पुढचे हब भंगारातले म्हणता, त्यांत शाफ्ट आहेत का? त्या हबच्या बेअरिंगला ड्राइव्ह शाफ्टचा नटच आवळून धरतो. शाफ्ट नाही म्हणून हब मोकळा बसवलात तर बेअरिंग सुटून चाकच निघेल. बाहेरचा जॉइंट ठेवा, शाफ्ट त्याच्यामागे कापा, जॉइंट हबमध्ये घालून नट पूर्ण टॉर्कला आवळा आणि त्याची कड ठोकून लॉक करा.

चिखलगाडा
शाफ्ट नाहीतच, बरं झालं विचारलं. उद्या भंगारवाल्याकडे जातो. गिअरच्या रॉडचं काय? तो मूळ गाडीत मागे ड्रायव्हरकडे जातो, इथे ड्रायव्हर पुढे.

उद्यमनगरी
रॉडची दिशा बदलली की गिअर टाकायचा पॅटर्न उलटा होऊ शकतो. लिव्हर टॅक करून चारही गिअर आणि रिव्हर्स टाकून बघा, मगच पक्का करा. रॉडची वळणं जमली नाहीत तर दोन पुश-पुल केबल. क्लचची केबल लांब लागेल, मापाने बनवून घ्या.

रेडिएटर पुढे नेणार असाल तर पाण्याचे लांब पाइप धातूचे, तळातून, पायांपासून लांब. आणि झाकण सगळ्यात उंच राहील असं बघा. हवा अडकली की तापमानाचा काटा थंड दाखवतो आणि इंजिनचं हेड वाकतं.