मदत हवी आहे: मुंबई मॅरेथॉनच्या अर्धीची नोंदणी हुकली, आता जागा कशी मिळेल?

कमाटीबागकर

नमस्कार मंडळी. मी बडोद्याची, वय ४४. घर दांडिया बाजारात, पळणं कमाटी बागेत. चार वर्षांपूर्वी शुगर काठावर आली म्हणून चालायला लागले आणि त्याचं पळणं कधी झालं ते कळलं नाही. आतापर्यंत दोनदा २१ किमी पळाले, दोन्ही वेळा इथेच, वडोदरा मॅरेथॉनमध्ये. त्यातली बरी वेळ २ तास ३४ मिनिटं. हसू नका.

माहेर माहीमचं. तीन वर्षांपूर्वी जानेवारीत दादाकडे गेले होते, तेव्हा सावरकर मार्गावर उभी राहून वहिनीबरोबर पळणाऱ्यांना संत्र्याच्या फोडी वाटल्या होत्या. साठी उलटलेल्या एका बाई फोड उचलून "थँक्यू गं" म्हणाल्या आणि थांबल्यासुद्धा नाहीत. तेव्हापासून डोक्यात बसलंय. आता तर अर्धी (२१ किमी) माहीमच्या रेतीबंदरहूनच सुटते, म्हणजे दादाच्या घरून चालत जाता येईल.

पण नोंदणी सुरू झाली तेव्हा सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, पाठोपाठ गणपती. साइट उघडली तर अर्धीच्या जागा भरलेल्या!

इथल्या ग्रुपवरचा एक मुलगा, वय २७, म्हणतो, "काकू, माझा बिब (छातीवर लावायचा नंबर) घ्या, मला त्या रविवारी सुट्टी नाही मिळत. बिब वाटतात त्या एक्स्पोत जाऊन मी आणून देतो, तुम्ही फक्त पळा." घरचे म्हणतात घेऊन टाक. आमच्या गुजरातीत म्हणतात तसं कुठे 'ओळखाण' लावता येईल का, तेही बघून झालं. तिसरा मार्ग संस्थेसाठी देणगी गोळा करण्याचा, असं ऐकलंय. पण मला भिशीचे पैसेसुद्धा दोनदा मागवत नाहीत.

काय करू?

रविवार_पहाट

ताई, अर्धी भरली असेल तर पूर्ण बघा. ४२ च्या जागा बऱ्याचदा उशिरापर्यंत शिल्लक असतात.

कमाटीबागकर

दादा, पंगतीत पान मिळालं नाही म्हणून अख्ख्या वऱ्हाडाचा स्वयंपाक अंगावर घेऊ होय?

रविवार_पहाट

बरं, मागे घेतो :) मग १० किमी? सीएसएमटीहूनच सुरू होते. आणि ड्रीम रनही आहे, सहा किमीच्या आतली. त्यात वेळ मोजत नाहीत, लोक नाचत-गात जातात. पण तुम्हाला ते नको असणार.

ओपीडी_क्रमांक_२

त्या मुलाचा बिब अजिबात घेऊ नका. नियमात बसत नाही, पकडलं तर बाद करतात, हे झालंच. मी डॉक्टर आहे, शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत बसतो, म्हणून वेगळं कारण सांगतो.

एका शर्यतीत (नाव नको) पन्नाशीचे एक गृहस्थ १८ व्या किलोमीटरला कोसळले. बिबवर पुरुष, वय ३१. रक्तगट दुसऱ्याचा, मागे लिहिलेला फोन दुसऱ्याच्या बायकोचा. ती बिचारी रडायला लागली आणि तिचा नवरा शेजारी चहा पीत होता! आमची वीस मिनिटं त्यात गेली. गृहस्थांना बीपीची गोळी चालू होती, ते आम्हाला कळायला मार्गच नव्हता. वाचले, पण कसे ते आम्हालाच माहीत.

शिवाय बिबवरची वेळ मोजणारी चिप त्याची, म्हणजे तुमची वेळ त्याच्या नावावर पडणार. पुढच्या वर्षी तुम्हाला स्वतःच्या वेळेचा दाखला लागला तर दाखवायला काहीच नाही. सुरुवातीला कुठल्या गटात उभं करायचं तेही मागच्या शर्यतीच्या वेळेवरून ठरतं. २७ वर्षांच्या मुलाच्या गटात उभ्या राहिलात तर पहिल्याच किलोमीटरला लोक अंगावरून जातील.

माहीमचा_मासा

डॉक्टरांशी सहमत. ओळखाणीचा नाद सोडा. आता सरळ दोन वाटा उरतात.

एक, कंपनी. बऱ्याच कंपन्या आपल्या कर्मचाऱ्यांसाठी जागा घेतात. तुमच्या किंवा तुमच्या ह्यांच्या कंपनीत एचआरला विचारा. मात्र जो कर्मचारी, तोच पळणार. बायकोच्या नावावर वळवता येईलच असं नाही.

दोन, देणगी. यातला पैसा युनायटेड वे मुंबई या स्पर्धेच्या देणग्या सांभाळणाऱ्या संस्थेमार्फत बाकी संस्थांना जातो. स्पर्धेत नोंदलेल्या संस्थांची यादी बघायची, पटेल त्या संस्थेला थेट फोन करायचा आणि पहिला प्रश्न हाच विचारायचा: अर्धीचा बिब शिल्लक आहे का, आणि किती रक्कम जमवली की देता? संस्थेगणिक आकडा वेगळा, म्हणून तीन-चार ठिकाणी विचारा. दुसरा प्रश्न: रक्कम पूर्ण झाली नाही तर उरलेली मी भरायची का? हा लोक विचारत नाहीत आणि डिसेंबरात तोंडघशी पडतात. पैसे संस्थेच्या पानावरच जमा होऊ द्या, तुमच्या खात्यात घेऊ नका. करवजावटीची (८०जी) पावती देणाऱ्याच्या नावे निघते, पण वजावट जुनी कररचना घेतलेल्यांनाच, आणि २००० रुपयांवर रोख दिले तर तीही नाही.

मागायची लाज म्हणाल तर तुम्ही स्वतःसाठी मागतच नाही आहात. तरी अवघड जातं, कबूल. मी पहिल्या वर्षी आत्याला मेसेज लिहून तीनदा खोडला होता.

लंडनवाली_भाची

आमच्याकडे २०२६ च्या लंडन मॅरेथॉनच्या सोडतीला ११ लाखांवर अर्ज होते. मला सलग चौथा नकार. त्यामानाने मुंबईत निदान कुणाला फोन करायचा ते तरी कळतं.

कमाटीबागकर

सगळ्यांचे आभार. त्या मुलाला नाही म्हणून कळवलं. थोडा रुसलाय, शेव उसळीवर मिटेल.

चार संस्थांना फोन केले. दोघांकडे अर्धी संपली होती, एकीने उचललाच नाही. चौथी मुलींच्या शिक्षणासाठी काम करते, तिच्याकडे जागा आहे. रक्कम ऐकून पोटात गोळा आला, पण तीन हप्त्यांत जमवली तरी चालेल आणि कमी पडली तर ती मी भरायची, हे लेखी मागून घेतलं. (मासे, हा प्रश्न तुमच्यामुळे सुचला.)

काल भजनी मंडळात विषय काढला. बायका पाचशे-पाचशे द्यायला तयार आहेत. फक्त कुलकर्णीकाकू विचारतात, "पळायला पैसे कसले गं, आम्ही बस पकडायला रोज फुकट पळतो." यांना काय उत्तर देऊ ते सांगा. आणि बिब घ्यायला एक्स्पोत, वांद्र्याच्या बीकेसीला, स्वतःच जावं लागतं ना? म्हणजे रविवारच्या शर्यतीसाठी बडोद्याहून शुक्रवारीच निघायला हवं?

माहीमचा_मासा

हो, फोटो ओळखपत्र घेऊन स्वतः. शुक्रवारी निघा, शनिवारी सकाळीच बिब घेऊन या, दुपारनंतर तिथे पाय दुखेपर्यंत रांग असते. जानेवारीच्या तिसऱ्या रविवारची तिकिटं आत्ताच काढा.

काकूंना म्हणावं, शर्यतीत पेडर रोडच्या चढावर बस मिळत नाही.

कमाटीबागकर

सांगितलं. काकूंनी हजार लिहिले.