मदत हवी आहे: व्हर्जिनियातला मूळपुरुष, १४ मुलं आणि जळालेलं कोर्टाचं दप्तर

नातवाची वंशावळ करतेय. आमच्या बाजूची झाली, सुनेच्या माहेरची ओहायोत येऊन अडकली आहे. हाताशी आहे ते असं:

१८५० च्या जनगणनेत रॉस कौंटी, ओहायो इथे एक शेतकरी, वय ५२, जन्म व्हर्जिनिया. घरच्यांच्या सांगण्यानुसार त्याचे वडील रॉकिंगहॅम कौंटीचे, आडनाव जर्मन वळणाचं. त्या नावाचा एकच कुटुंबप्रमुख तिथे १८१० मध्ये सापडतो. घरातले पुरुष: १० च्या आत २, १० ते १६ मध्ये १, १६ ते २६ मध्ये ३, ४५ वरचा १. बायका: १० च्या आत ३, १० ते १६ मध्ये १, १६ ते २६ मध्ये १, २६ ते ४५ मध्ये १.

नेटवरच्या सगळ्या ट्रींमध्ये (लोकांनी टाकलेल्या वंशवृक्षांत) या कुटुंबप्रमुखाला एकच बायको (जन्म १७६२) आणि १७८१ ते १८१२ अशी १४ मुलं. १८२३ च्या सुमारास वारला, मृत्युपत्र नाही. बायको खरंच एकच होती का? आणि आमचा ओहायोवाला त्याचाच मुलगा, हे सिद्ध कसं करायचं? पैसे भरायच्या साइट्स शक्यतो नकोत.

प्रतिसाद १

ताई, पहिल्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तुमच्याच आकड्यांत आहे. १८१० ची मोजणी ६ ऑगस्टची धरतात. त्या दिवशी जी बाई ४५ च्या आत, ती १७६५ नंतर जन्मलेली. ट्रीतली १७६२ ची बाई तेव्हा निदान ४७ ची, म्हणजे पुढच्या रकान्यात हवी होती. आणि जन्म १७६५ चा धरला तरी १७८१ च्या मुलाच्या वेळी ती जेमतेम सोळाची. मोजणीदार चुकायचे, हे खरं. पण इथे चूक मानण्याआधी दुसरी बायको मानून बघा. पहिली बाळंतपणात गेली, वर्षा-दोन वर्षांत दुसरं लग्न, आणि ट्रीवाल्यांनी दोघींची मुलं एकीच्याच पदरात घातली, हा नेहमीचा घोळ आहे. मुलांच्या जन्मसालांत तीन-चार वर्षांची फट कुठे दिसते ते आधी पाहा.

तुमचा ओहायोवाला १८१० मध्ये १२ वर्षांचा. १० ते १६ मध्ये एकच मुलगा आहे, म्हणजे जागा जुळते. पण हा पुरावा नव्हे. १८४० पर्यंत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव लिहीत, घरातल्या सगळ्यांची नावं १८५० पासून आणि नातं थेट १८८० पासून. ते १६ ते २६ मधले तिघे मुलगे असतील, गडी असतील, नाहीतर एखादा जावई.

१८२० ची पानं बघताना एक सापळा: १६ ते १८ चा वेगळा रकाना आहे आणि तीच मुलं १६ ते २६ मध्ये पुन्हा मोजलेली असतात. दोन्ही रकाने जोडले की घरात नसलेला मुलगा तयार होतो.

प्रतिसाद २

दप्तर जळालं म्हणजे सगळं गेलं असं नाही. रॉकिंगहॅमला १७८७ मध्ये कोर्टाला आग लागली आणि १८६४ मध्ये, यादवी युद्धात, गाडीत घालून हलवलेल्या कागदांना उत्तरेच्या युनियन सैन्याने आग लावली. मृत्युपत्रं आणि मालमत्तेचे कागद त्यातच बरेच गेले. पण कराच्या याद्यांची एक प्रत राजधानी रिचमंडला जायची, ती राहिली.

खासगी (जंगम) मालमत्ता कराची यादी १७८२ पासून आहे. दरवर्षीची ओळ उतरवून काढा, एकही साल गाळू नका. (१८०८ ची शोधू नका, त्या वर्षी हा कर गोळाच झाला नाही.) १७८८ पासून घरातल्या १६ वरच्या गोऱ्या पुरुषांची संख्या मिळते. ती एकने वाढली की एक मुलगा सोळाचा झाला असण्याची शक्यता. साधारण पाच वर्षांनी त्याच आडनावाचा नवा माणूस यादीत आला आणि बापाकडची संख्या एकने घटली, की तो बहुधा तोच. यादी वर्णानुक्रमाने नसेल तर तारखेचा रकाना बघा: एकाच दिवशी नोंदलेले लोक सहसा शेजारी.

जमीन कराच्या यादीत १८१४ पासून कोर्टापासूनचं अंतर आणि दिशा लिहिलेली असते. एकाच नावाचे दोघे असतील तर ते इथे वेगळे होतात. नावापुढे ‘इस्टेट’ आलं की माणूस गेलेला. 'सीनियर-ज्युनियर' वरून मात्र बापलेक ठरवू नका, काका-पुतण्यालाही तसंच लिहीत.

प्रतिसाद ३

मृत्युपत्र नाही हे तुमच्या पथ्यावर पडणारं आहे. व्हर्जिनियात १७८७ पासून मृत्युपत्र नसेल तर सगळ्या मुलामुलींना सारखा वाटा, दोन्ही बायकांच्या मुलांनाही. त्याआधी जमीन थोरल्याकडे जायची. अब्राहम लिंकनचे आजोबा १७८६ मध्ये केंटकीत मारले गेले. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होतं, म्हणून जमीन थोरल्या मॉर्डेकायकडे गेली, धाकट्या थॉमसला, म्हणजे लिंकनच्या वडिलांना, वाटा नाही.

तुमचा माणूस १८२३ चा. म्हणजे जमीन विकायची तर सगळ्या वारसांच्या सह्या, जावयांसकट. विधवेला हयातभर तिसरा हिस्सा असायचा आणि तो ती गेल्यावर वाटला जाई, म्हणून १८२३ ला थांबू नका, पुढच्या तीसेक वर्षांची खरेदीखतं चाळा. भांडण झालं असेल तर फारच उत्तम. १८०२ ते १८३१ या भागाचं वरिष्ठ चान्सरी कोर्ट (वारसा-वाटणीसारखे दावे चालवणारं) स्टॉन्टनला होतं. ते ऑगस्टा कौंटीत, तिथलं दप्तर शाबूत आहे. लायब्ररी ऑफ व्हर्जिनियाच्या चान्सरी दाव्यांच्या सूचीत फुकट शोधता येतं. परराज्यात गेलेल्या वारसांचीही नावं दाव्यात येतात.

रॉस कौंटीतही बघा. ओहायोला गेलेला मुलगा आपला हिस्सा विकायला भावाला मुखत्यारपत्र देई, ते कधी कधी तिकडच्या खरेदीखतांच्या वहीत चढवलेलं असतं.

धागाकर्ती

खूप आभार. फॅमिलीसर्च या फुकट वंशावळ-साइटवर आडनाव टाकलं तर काहीच येत नाही, मग या वह्या बघायच्या कुठे?

प्रतिसाद ३

नेहमीच्या शोधात फक्त नावांची सूची झालेली पानं येतात. दोन वाटा. एक, कॅटलॉगमध्ये कौंटीचं नाव टाकून कर किंवा जमीन या सदरातला रीळ (मायक्रोफिल्मची डिजिटल प्रत) उघडा आणि पानं स्वतः उलटा. कॅमेऱ्याच्या चिन्हावर किल्ली असेल तर ती घरून दिसत नाहीत, त्यांच्या केंद्रात किंवा संलग्न लायब्ररीत जावं लागतं. दोन, ‘फुल टेक्स्ट’ शोध, तो हस्तलिखित वाचतो आणि साक्षीदाराचं नावही पकडतो. जर्मन आडनावात क-ग, ब-प, त-द उलटसुलट करून बघा. भाषांतरही होई, श्नायडरचा टेलर, झिमरमनचा कारपेंटर.

प्रतिसाद १

दुसऱ्या बायकोसाठी आणखी एक. नवरा अमेरिकन क्रांतियुद्धात निदान सहा महिने मिलिशियात (स्थानिक नागरी सेनेत) असेल तर विधवेच्या पेन्शनची फाइल शोधा. १८३८ च्या कायद्याला लग्न १७९४ पूर्वीचं लागे, १८४८ च्या कायद्याला १८०० पूर्वीचं, १८५३ ला ती अटही गेली. लग्नाचा पुरावा म्हणून बायकांनी घरच्या बायबलमधलं मुलांच्या जन्मतारखांचं पान फाडून जोडलेलं असतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या कॅटलॉगवर या फाइली फुकट आहेत. शोधताना तिचं पुढे दुसऱ्या कोणाशी लग्न झालं असेल हेही धरून चाला.

चर्चचं म्हणाल तर घर लुथरन किंवा रिफॉर्म्ड असेल तरच बाप्तिस्म्याच्या नोंदी मिळतील, मॅक्गाहीजव्हिलजवळच्या पीक्ड माउंटन चर्चच्या १७६० च्या दशकापासून आहेत. मेनोनाइट किंवा डंकर असतील तर ती वाट सोडा, ते तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा करतच नाहीत.