मदत हवी आहे : शाळेतील मुलांकडून खाडीकिनाऱ्याची स्वच्छता

नमस्कार. ऐरोलीतील एका लहान खासगी शाळेच्या पालक-शिक्षक संघाचे काम मी पाहते. डिसेंबरमधील स्नेहसंमेलन आणि ३ जानेवारीची सावित्रीबाई फुले जयंती यांच्या मधल्या दिवसांत पाचवी ते सातवीच्या मुलांनी खाडीलगतचा कचरा उचलावा, असे शाळेने सुचवले आहे. कल्पना स्तुत्य आहे. मात्र ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०२२ पासून रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) असल्यामुळे तिथे परवानगीशिवाय जाणे योग्य नाही, शिवाय भरतीबरोबर कांदळवनाच्या मुळांत अडकलेल्या कचऱ्यात थर्माकोल आणि निर्माल्याच्या पिशव्यांखाली फुटक्या बाटल्या व इंजेक्शनच्या सुयाही असू शकतात, म्हणून मुलांना चिखलात उतरवणे मला पटत नाही. केवळ रस्त्याकडेची बाजू घ्यावी, असे माझे मत आहे.

वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे अर्ज मुख्याध्यापकांनी करावा की संस्थेने, आणि तो किती दिवस आधी द्यावा, हे अनुभवी सभासदांनी कृपया कळवावे. मुलांच्या मापाचे जाड रबरी हातमोजे (मोठ्यांचे त्यांच्या हातांतून निसटतात) ठाण्यात किंवा वाशीत कोठे मिळतील? ओहोटीची वेळ जुळली नाही, तर वृद्धाश्रमात वर्तमानपत्र वाचून दाखवण्याचा पर्याय आहे. त्यासाठी एका वेळी किती मुले न्यावीत, तेही सांगावे.